आठ दिवस शीळ बंद

सूर्यभानची उजवीकडची अक्कलदाढ चार वर्षं त्याला छळत होती, आणि चार वर्षं तोही तिला छळत होता. लवंग दाबून झाली, तंबाखूची गोळी ठेवून झाली, रुईचा चीक लावून सगळं तोंड सोलवटून झालं. पिशोरच्या बाजारात कुणीतरी डिझेलची चूळ भरायला सांगितली, तर या गड्यानं तीही भरली आणि दिवसभर ट्रॅक्टरसारखा वास मारत हिंडला. दाढ जागची हलली नाही. वर्षातून दोन-तीनदा गाल टम्म सुजायचा, तोंड दोन बोटांच्या वर उघडायचं नाही, मग आठ-आठ दिवस भाकरी दुधात कुस्करून गिळायची.

"अवो, काढून टाका की एकदाची," त्याची बायको मंजुळाबाई म्हणायची.

"तुझ्या बापाची हाय का ती?" हा म्हणायचा.

आता दाढ काय कुणाच्या बापाची असते? पण दुखणाऱ्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मंजुळाबाई दूध तापवायला जायची.

बरं, हा माणूस दुखण्याला भिणाराही नव्हता. बाभळीचा काटा टाचेत मोडला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं चाकूनं उकरून काढला होता. लांडग्याच्या मागं काठी घेऊन अर्धा कोस पळाला होता, आणि लांडगा पुढं होता हे तो अजून सांगायचा. त्याची भीती दाढेची नव्हतीच. ओठाची होती.

सूर्यभान धनगर. पिशोरच्या शिवारात त्याची दीडशे मेंढरं. आणि ही दीडशे मेंढरं काठीला नाही, कुत्र्याला नाही, फक्त त्याच्या शिळेला ऐकायची. खालचा ओठ दातांखाली ओढून, जीभ मागं घेऊन तो अशी शीळ घालायचा की नाल्यापलीकडं चरणारी खांड, म्हणजे अख्खा कळप, माना वर करायची. एक लांब, दोन तुटक, पुन्हा एक लांब. शेवटच्या लांब शिळेला मेंढरं निघालेली असायची. ही शीळ त्याचा बाप त्रिंबक याची, आणि त्याच्या आधी त्रिंबकच्या बापाची. त्रिंबक गेला तेव्हा मागं ना जमीन ठेवली ना घर. मेंढरं ठेवली आणि शीळ ठेवली. मेंढरं काय, मरतात आणि नवी होतात. शीळ मात्र तीच होती.

ती थोरल्या लेकाकडं जायची असा त्यांच्यातला रिवाज. सूर्यभानचा थोरला कारभारी वाळूजला कंपनीत लागला होता. तिथं शिळेला कोण येतंय? तिथं माणसंच भोंग्याला येतात. आणि दुसरा रिवाज असा की बाईमाणसानं शीळ घालायची नाही. घातली तर खांडीत रोग शिरतो. मंजुळाबाई सून म्हणून आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासऱ्यानं तिला हे सांगून टाकलं होतं, आणि तिनं पदर सावरत मान डोलवली होती. म्हणजे ती शीळ घालणारा उभ्या दुनियेत एकटा सूर्यभान. हे त्याला माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

त्या हिवाळ्यात दाढेनं अंत पाहिला. कारभारीनं सुट्टी काढली आणि बापाला औरंगाबादला, दातांच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. दाढेचा फोटो काढला. दाढ आडवी झोपलेली निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होती, कारभारीपेक्षाही लहान असावी. तिनं पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आणि एक कागद दिला, घरी वाचून, सही करून आणा म्हणाली.

कारभारीला कागद मोठ्यानं वाचायची खोड. सगळा घोटाळा तिथंच झाला. बाहेरच्या बाकावर बसून त्यानं वाचलं, "दाढेचे मूळ नसेच्या जवळ असल्याने खालचा ओठ काही काळ, अथवा क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो."

"काय म्हणला?"

"ओठ बधिर, आबा. पण क्वचित."

"क्वचित म्हंजी किती?"

कारभारी आत जाऊन विचारून आला. "हजारात एखाद्याला, म्हणत्यात बाई."

कारभारीला वाटलं, बापाच्या जिवाला धीर आला असंल. कसला धीर! सूर्यभानचा चेहरा उतरला. हजारातली एक म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एका साली चार धनगरांच्या खांडी मिळून एका माळावर बसल्या होत्या. हजार मेंढरं तरी असतील. वीज कडाडली, एक मेंढी मेली. ती सूर्यभानची होती.

तो आठवडा त्यानं ओठ चाचपण्यात घालवला. सकाळी उठला की आधी शीळ. पाणी प्याला की शीळ. मेंढरं बिचारी चरता चरता माना वर करायची, चार पावलं यायची, हा हातानंच मागं जा म्हणायचा. तिसऱ्या दिवशी तर ती चिडल्यासारखी पाठ करून उभी राहिली.

रविवारी कारभारी नवा मोबाइल घेऊन आला. "आबा, तुमची शीळ यात भरून ठिवतो. उद्या काय झालंच, तर बटण दाबायचं." सूर्यभानला हे पटलं. त्यानं डोकं पुसलं, टोपी नीट केली, फोटो काढून घ्यायचा असावा तसा ताठ उभा राहिला आणि शीळ घातली. कारभारीनं ती भरून घेतली, मग मोबाइल उंच धरून बटण दाबलं. आत कुठंतरी एक चिलट गुणगुणलं. एकाही मेंढरानं कान हलवला नाही. कुत्रं तेवढं उठून भुंकलं, तेही मोबाइलवर.

मंजुळाबाई चुलीपाशी बसून हे बघत होती. तिला हसू आलं, तिनं तोंडाला पदर लावला.

"हस, हस," सूर्यभान म्हणाला. "ओठ गेला म्हंजी कळंल. खांड इकून टाकावी लागंल. खाटकाला."

मंजुळाबाईचं हसू गेलं. ती काहीतरी बोलायला गेली, मग तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

तारखेच्या दिवशी सकाळी निघताना त्यानं तिला तीनदा बजावलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. ती अजिबात उघडायची नाही. बाभळीचा पाला तोडून ठेवलाय, तोच आत टाकायचा. पाणी आतच द्यायचं.

"सोडली अन् नाल्यापल्याड गेली, तर कोण बोलवणार? तू?"

"नाय सोडत," मंजुळाबाई म्हणाली. "जा तुम्ही. यष्टी चुकंल."

कन्नडवरून औरंगाबादला पोचेपर्यंत त्यानं शीळ घालायची नाही असं ठरवलं होतं. अर्ध्या वाटेत त्याच्याच्यानं राहवलं नाही, हळूच एक घातली. कंडक्टरला वाटलं कुणाला उतरायचंय, त्यानं घंटी वाजवली. गाडी थांबली. कुणी उतरेना. कंडक्टरनं अख्ख्या गाडीला शिव्या घातल्या. सूर्यभान खिडकीबाहेर बघत बसला.

कारभारी रात्रपाळी करून परस्पर हॉस्पिटलात आला होता. डोळे लाल, पण बापापुढं हसत होता. नंबर यायला साडेबारा वाजले. आतल्या खुर्चीत टेकल्यावर डॉक्टरीणबाईनं वरचा दिवा ओढून तोंडावर धरला आणि म्हणाली, "काका, आ करा. अजून. अजून थोडं." तिनं अंगठ्यानं ओठ बाजूला केला, आरशानं दात ठोकून पाहिले.

सूर्यभान जन्मभर हेच करत आला होता. मेंढीची मान बगलेत धरायची, अंगठ्यानं ओठ मागं सारायचा, दात बघायचे आणि वय सांगायचं, दोन दाती, चार दाती, पुरी जुळलेली. बाजारात त्याच्या शब्दावर सौदे व्हायचे. हजारो तोंडं उघडली असतील त्यानं, आणि त्यातल्या एकीला काय वाटलं असेल हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आज आलं.

इंजेक्शन टोचलं. सुई गेली तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. "शाबास," बाई म्हणाली. "आता दहा मिनिटं बाहेर बसा. भिनू दे. मग बोलावते."

चूक झाली ती इथं. बाई म्हणाली "भिनू दे", आणि काय भिनायचं ते सांगायचं राहिलं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, रोज वीस जणांना टोचायची ती. सूर्यभाननं आयुष्यात मेंढरांना ढीगभर सुया टोचलेल्या पाहिल्या होत्या, सगळ्या रोगाच्या. टोचलं की मेंढरू उड्या मारत जातं. सुईनं अंग बधिर होतं हे त्याच्या गावी नव्हतं.

कारभारी चहा प्यायला गेला होता. सूर्यभान बाकावर बसला. पाच-सात मिनिटं गेली. ओठाला मुंग्या आल्या. मग ओठ जाड झाला. मग ओठ राहिलाच नाही. त्यानं बोट लावलं, तर बोटाला ओठ लागला पण ओठाला बोट लागेना. त्यानं इकडंतिकडं बघून, भिंतीकडं तोंड करून, खालचा ओठ दातांखाली ओढला आणि शीळ घातली.

फुस्स झालं. हनुवटीवरून लाळ गळली.

पुन्हा घातली. पुन्हा फुस्स.

अजून दाढेला हात लावला नाही आणि ओठ गेलासुद्धा! हजारातला एक झाला, आणि तोही रांगेतच. आता आत जाऊन उपयोग काय? निदान दाढ तरी आपली आपल्यापाशी राहू दे. तो उठला, टोपी घातली आणि सरळ चालायला लागला. जिना उतरला, फाटकाबाहेर आला, पहिल्याच रिक्षात बसला.

"ठॅन," तो म्हणाला. त्याला स्टँड म्हणायचं होतं.

रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. टोपी तिरकी, तोंड वाकडं, लाळ गळतेय. "क्या चचा," तो म्हणाला, "दिन मेंच?"

सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप गेला तेव्हासुद्धा चारचौघांत ते आलं नव्हतं. इथं परक्या गावात, परक्या रिक्षात बसून तो रडला, आणि त्या रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं मीटर पाडायला घेतलेला हात मागं घेतला.

तेवढ्यात चहाच्या टपरीवरून कारभारी धावत आला. त्यानं बापाला रिक्षातून उतरवलं. वर नेईपर्यंत सूर्यभान एकच वाक्य बोलत होता, आणि ते कारभारीला जिन्याच्या वरच्या पायरीवर कळलं. "गेली. माझ्या बापाची शीळ गेली."

कारभारीनं डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. ओठ, शीळ, मेंढरं. ती आधी हसली, मग सूर्यभानकडं बघून हसायची थांबली. हातातला आरसा तिनं त्याच्यासमोर धरला.

"काका, शीळ घाला."

"व्हईना."

"आवाज नको. नुसता ओठ ओढा. आरशात बघा."

त्यानं ओढला. आरशातला ओठ बरोब्बर दातांखाली गेला.

"हलतोय ना? ओठ हलवायची नस वेगळी, आणि ओठाला कळायची नस वेगळी. मी औषध टोचलं ते कळायच्या नसेला. ओठ जागेवर आहे, फक्त तुम्हाला सापडत नाहीये. तीन-चार तासांत सापडेल. कागदावर लिहिलंय ते झालं, अगदी हजारात एखाद्याचं, तरी ओठ हलेल. सराव करावा लागेल एवढंच."

सूर्यभाननं आरसा हातात घेतला. ओठ पुन्हा ओढला, सोडला, ओढला. कळत काहीच नव्हतं, पण दिसत होतं.

"मेंढ्रांना काय," तो बोबड्या आवाजात म्हणाला, "माझ्या ओठाला कळतंय का नाय, ते त्यांना काय करायचंय!"

"तेच म्हणते मी."

"काढा मंग."

दाढ दोन तुकड्यांत निघाली. पाऊण तास लागला, मध्ये एकदा अजून टोचावं लागलं. बाईनं तुकडे ताटलीत ठेवून दाखवले. सूर्यभाननं ते तळहातावर घेऊन, सवयीनं, उलटेपालटे करून बघितले. एवढ्याशा हाडानं चार वर्षं नाचवलं होतं!

कापसाचा बोळा दाबून धरायला सांगून बाईनं पथ्य सांगितलं. थुंकायचं नाही, तंबाखू नाही, गरम नाही. "आणि हे नीट ऐका. आठ दिवस शीळ घालायची नाही. ओढलं, फुंकलं, तर जखमेवरची खपली सुटेल, आणि मग आज दुखलं नाही ते सगळं दुखेल. आठ दिवस शीळ बंद."

कारभारीनं बापाकडं पाहिलं. बाप छताकडं बघत होता.

परतीच्या गाडीत लेक सोबत आला, आणि बसल्या बसल्या झोपून गेला. सूर्यभान जागा होता. आठ दिवस! पाला तरी किती तोडणार? वाघरीत कोंडलेली मेंढरं तीन दिवसांत खंगतात. शेजारच्या शिवारातल्या फकिराला हाक मारावी, तर त्याची शीळ वेगळी, तिला ही हलणार नाहीत. विकायची तर आठ दिवसांसाठी कुणी खांड विकतं का? ओठ अजून परका होता. कन्नड आलं, पिशोर आलं, दिवस कलला, तरी त्याला तोड सापडली नाही. फाट्यावर उतरून बापलेक पांदीनं चालू लागले. नाला जवळ आला आणि शीळ ऐकू आली.

एक लांब, दोन तुटक, पुन्हा एक लांब.

सूर्यभान थबकला. पहिल्यांदा त्याचा हात ओठाकडं गेला, आपणच घातली की काय म्हणून. मग त्यानं बघितलं. नाल्यापलीकडून त्याची खांड, दीडशेच्या दीडशे, पोटं भरलेली, धूळ उडवत येत होती. आणि बांधावर पाठमोरी, पदर कमरेला खोचून, मंजुळाबाई उभी होती. तिनं पुन्हा घातली. शेवटची लांब शीळ तर त्रिंबकसारखी होती. सूर्यभानला स्वतःला ती तशी कधी जमली नव्हती.

ती वळली. तिनं त्याला बघितलं. ओठ अजून दातांखालीच होता, तो तिनं घाईनं सोडला आणि पदर ओढून डोक्यावर घेतला.

"पाला सरला वो," ती म्हणाली. "वरडाया लागली बिचारी."

सूर्यभाननं तोंडातला बोळा काढला. रक्त होतं त्याला. "कवापासनं?"

मंजुळाबाई मेंढरं वाघरीत सारायला लागली.

"कवापासनं, म्हणतो मी?"

"ह्यो पोटात व्हता तवापासनं," तिनं कारभारीकडं बोट केलं. "तुम्ही बाजाराला जायचा, यायला येळ व्हायचा. मेंढरं काय तशीच सोडू रानात? लांडगं व्हते तवा." मग खाली बघून म्हणाली, "रोग नाय आला कंदी."

कारभारी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षं दर बाजारच्या दिवशी सूर्यभान घरी यायचा, मेंढरं वाघरीत बसलेली असायची, आणि ती आत आली कशी हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला राग आला. मग हलकं वाटलं. मग अख्खा आठवडा आपण एकटेच धास्तीनं मेलो म्हणून पुन्हा राग आला. तो वाघरीपाशी जाऊन बसला. मेंढरं त्याच्यासमोर धडधाकट उभी होती.

अंधार पडायच्या आत ओठाला मुंग्या आल्या, आणि ओठ त्याला सापडला. दाढेच्या जागी ठणकाही सुरू झाला. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस मंजुळाबाईनं खांड चारली. पहिल्या दिवशी ती शीळ घालायला टेकाडाच्या आड गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी सूर्यभान म्हणाला, "पळतीस कशाला? हितूनच घाल की." तिनं आधी चौफेर बघितलं. मग घातली.

कारभारी आठवड्यानं पुन्हा आला, बापाच्या तोंडात डोकावून गेला, सगळं बरं आहे म्हणाला. नवव्या दिवशी सकाळी मंजुळाबाई भाकरी बांधून देऊ लागली. मेंढरं सुटलेली होती, पार नाल्यापलीकडं पांगलेली.

"आठ दिस झालं," ती म्हणाली. "घाला आता तुमची तुम्ही."

सूर्यभान बांधावर बसला होता. सकाळी उठून एकटा विहिरीमागं जाऊन त्यानं एक हळूच घालून बघितली होती. चोख वाजली होती. त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली आणि गाल धरला.

"नाय," तो म्हणाला. "डाक्टरीणबाईनं अजून पंधरा दिस सांगितल्यात."

मंजुळाबाईला कारभारीनं आठच सांगितले होते. ती नवऱ्याकडं बघत राहिली. तिनं भाकरी त्याच्या शेजारी ठेवली, पदर कमरेला खोचला आणि बांधावर चढली.